पांढऱ्यावर काळे : एक निष्कारण मीमांसा

पांढरा आणि काळा हे रंग आहेत की नाहीत, या प्रश्नावाचून आजवर कोणाचे काही अडलेले नाही. लग्ने जमली, मोडली. भिंतींना चुना लागला, केसांना कलप लागला. सरकारे आली नि गेली. पण 'आधी एवढा निकाल लागू द्या, मग पुढचे बघू' असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. शास्त्रीय मीमांसेला याहून निर्मळ विषय मिळणे कठीण. ज्या प्रश्नाच्या उत्तराचा काही उपयोग होण्याचा धोका असतो, त्यात हितसंबंध शिरतात आणि बुद्धी गढूळ होते. इथे तसे भय नाही.

वादाचा उगम साधारणपणे आठवीच्या वर्गात होतो. तिसऱ्या तासाला विज्ञानाचे सर फळ्यावर लोलक काढून सांगतात, सगळे रंग एकत्र आले की पांढरा होतो आणि एकही रंग नसला की काळा. चौथ्या तासाला चित्रकलेचे सर येतात. ते सांगतात, सगळे रंग एकत्र कालवू नका रे, काळपट चिखल होतो. आणि पांढरा हवा असेल तिथे काहीच लावू नका, कागद राखा. मुले दोन्ही वह्यांत दोन्ही गोष्टी लिहून घेतात आणि डबा खायला जातात. त्यातली जी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसतात त्यांना आणखी एक तिसरे तत्त्व मिळते. काळी ट्यूब उघडायचीच नाही, काळा लावला की चित्र मरते. मग ती ट्यूब पेटीत दिली कशाला, हा प्रश्न परीक्षेला येत नसल्यामुळे कोणी विचारत नाही.

यावर समंजस लोक मध्यस्थी करतात. प्रकाशाची होते बेरीज आणि रंगद्रव्याची होते वजाबाकी. प्रकाशात प्रकाश मिसळला की उजेड वाढतो, रंगात रंग मिसळला की प्रत्येक जण आपापल्या वाटणीचा उजेड गिळतो, म्हणून काळोख वाढतो. हे बरोबरच आहे. परंतु त्यातून फक्त एवढेच कळले की दोन्ही सर आपापल्या तासापुरते खरे बोलत होते. मूळ प्रश्न होता तिथेच राहिला. समंजसपणाचा मीमांसेला झालेला हा पहिला अडथळा.

ज्याच्या नावावर विज्ञानाचे सर हे सगळे सांगतात तो न्यूटन स्वतः इतका समंजस नव्हता. १७०४ साली छापलेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात त्याने एक उद्योग नोंदवून ठेवला आहे. त्याने हरताळ, जंगाल, एक जांभळी आणि एक निळी अशा भुकट्या एकत्र केल्या. म्हणजे जे करू नये म्हणून चित्रकलेचे सर घसा कोरडा करतात, नेमके तेच केले. अपेक्षेप्रमाणे राखेसारखी मळकी भुकटी झाली. न्यूटन डगमगला नाही. खोलीच्या जमिनीवर जिथे कवडसा पडला होता तिथे त्याने ती भुकटी पसरली आणि शेजारी, सावलीत, पांढरा कागद ठेवला. तेवढ्यात एक स्नेही भेटायला आले. न्यूटनने त्यांना दारातच थांबवले. या, बसा, पाणी घ्या, काही नाही. बारा-अठरा फुटांवरून नीट बघा आणि सांगा, या दोन पांढऱ्यांत चांगला पांढरा कोणता? स्नेह्यांनी निरखून पाहिले आणि सांगितले की दोन्ही पांढरे उत्तम आहेत, डावे-उजवे करता येत नाही.

हा प्रयोग प्रकाशाच्या बेरजेसाठी सांगितला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो त्याहून मोठ्या गोष्टीचा पुरावा आहे. राखेच्या रंगाची एक भुकटी योग्य जागी, योग्य शेजारी बसवल्यामुळे पांढरी म्हणून मान्यता पावली, आणि मान्यता देणारा माणूस साक्षात न्यूटनच्या ओळखीचा होता. यावरून आमचा सिद्धान्त असा की पांढरा व काळा हे रंग नसून हुद्दे आहेत. चित्रात, दृश्यात, घरात कोणाला तरी त्या खुर्चीवर बसावे लागते. बसणाऱ्याची पात्रता हा वेगळा विषय आहे.

सिद्धान्त मांडून झाल्यावर पूर्वसूरींचा परामर्श घेण्याची पद्धत आहे.

आपल्याकडे न्यायशास्त्राच्या पोरांना जो 'तर्कसंग्रह' पाठ करायला लावत, त्यात अन्नंभट्टांनी सतराव्या शतकात रूपाचे सात प्रकार दिले आहेत. शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र. पांढरा पहिल्या पाटावर. काळ्याला मात्र स्वतंत्र पान मांडलेले नाही. त्याची सोय निळ्याच्या पंगतीत. पुढे रविवर्मांच्या छापखान्यातून आणि नंतर कॅलेंडरांतून घरोघरी गेलेला कृष्ण निळा का, याची भाविक, सौंदर्यवादी आणि व्यापारी अशी अनेक कारणे सांगतात. तो अन्नंभट्टांच्या वर्गवारीतही चपखल बसतो, हे आमचे नम्र निरीक्षण.

पण खरी जुंपली ती अंधारावरून. भाट्ट मीमांसकांचे म्हणणे असे की अंधार हे एक द्रव्य आहे. तो काळा दिसतो, म्हणजे त्याला रूप आहे. दिवा हलवला की तो सरकतो, म्हणजे त्याला गती आहे. रूप आणि गती असलेल्या वस्तूला वस्तू म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? नैयायिक म्हणाले, छे, अंधार म्हणजे उजेडाचा अभाव. रूप असलेली वस्तू बघायला डोळ्यांना उजेड लागतो. अंधार बघायला उजेड न्यावा तर अंधारच राहत नाही. तेव्हा ती वस्तू नव्हे. हा वाद शतकानुशतके चालला, आणि दोन्ही पक्षांनी एकमेकांना निरुत्तर केल्याचे आपापल्या ग्रंथांत नमूद आहे.

त्याचा प्रायोगिक निकाल ऑगस्ट २०१८ मध्ये पोर्तुगालमध्ये लागला. पोर्तो शहरातल्या सेराल्व्हेस संग्रहालयात अनिश कपूर यांची 'डिसेंट इंटू लिंबो' नावाची कलाकृती मांडली होती. एक खोली, तिच्या जमिनीवर एक गोल, गोल इतका काळा की तो रंगवलेला आहे की खोदलेला हे उभ्याने कळू नये. साठीतले एक इटालियन गृहस्थ तो बघायला आले. ते मीमांसक असावेत. त्यांनी काळ्याला द्रव्य मानून पाऊल टाकले आणि सुमारे अडीच मीटर खोल अभावात पडले. त्यांना इस्पितळात न्यावे लागले, पुढे ते बरे झाले. नैयायिकांच्या बाजूने इतका ठसठशीत पुरावा मिथिला किंवा नवद्वीप या न्यायाच्या पीठांत कधी सादर झालेला नव्हता. संग्रहालयाने सूचनेच्या पाट्या लावलेल्या होत्या; परंतु पाटी वाचून प्रमेय सिद्ध होत नसते.

भरतमुनींचा उल्लेख केला नाही तर विद्वत्तेत न्यून राहील. नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एकेक वर्ण दिला आहे. हास्य पांढरा, भयानक काळा, आणि शृंगार श्याम. म्हणजे माणूस प्रेमात पडतो तोही काळोखाकडे झुकलेल्या रंगात आणि घाबरतो तेही काळोखात. फक्त हसतो तेवढा उजेडात. यावर विवाहित वाचकांनी स्वतंत्र टिप्पणी करावी.

आता हुद्देदारांच्या कुळाची चौकशी करू, कारण इथे जी माहिती हाती लागते ती सोवळ्यातल्या माणसाने जेवणाआधी वाचू नये.

युरोपात शतकानुशतके तैलचित्रांतला पांढरा म्हणजे शिशाचा पांढरा, आपल्याकडचा सफेता. रेम्ब्रांटच्या म्हाताऱ्यांच्या कॉलरी, राण्यांचे गळे, मेरीच्या कडेवरचे बाळ, सगळे याच पांढऱ्यात उजळले. तो करायची डच रीत अशी. मातीच्या भांड्यात तळाला सिरका घालायचा, वर शिशाच्या पट्टीचे वेटोळे ठेवायचे, अशी भांडी ओळीने मांडायची आणि त्यांच्यावर घोड्याची लीद थापायची. मग त्यावर फळ्या, त्यावर पुन्हा भांडी, पुन्हा लीद. असा मजल्यांवर मजले चढवून कोठार बंद करायचे. लीद कुजताना ऊब देते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. सिरक्याची वाफ शिशाला खाते. काही आठवड्यांनी दार उघडले की करडे शिसे पांढऱ्या पापुद्र्यांनी फुललेले असते. पापुद्रे खरवडून, दळून, तेलात घोटले की झाले पावित्र्य तयार. ते विषारी असते आणि दळणाऱ्यांच्या हाडांत उतरते, हे चित्रातल्या बाळाकडे बघून लक्षात येत नाही.

उलट काळ्याचे घराणे बघा. आपल्याकडचे काजळ तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे ताम्हन पालथे धरून पाडलेले. आजीने, देवघरात, आंघोळ करून. चित्रकारांच्या पेटीतला आयव्हरी ब्लॅक तर नावाप्रमाणे खरोखरच हस्तिदंत जाळून करत. आता हस्तिदंत जाऊन साधी हाडे आली, नाव मात्र पेटीवर तसेच आहे. म्हणजे उत्तम काळा निघतो तो जगातल्या पांढऱ्याशुभ्र वस्तूतून, आणि उत्तम पांढरा करड्या शिशातून, लिदीच्या साक्षीने.

शिशाचा पांढरा मागे पडला आणि विसाव्या शतकात टायटॅनियम व्हाइट आला. घराचा डिस्टेंपर, टूथपेस्ट, गोळ्यांचे आवरण, चित्रकाराची पांढरी ट्यूब, सगळीकडे तोच. हा तरी जन्मतः गोरा असेल अशी आशा होती. तो निघतो मुख्यत्वे इल्मेनाइट या खनिजापासून, आणि इल्मेनाइट म्हणजे लोखंड-टायटॅनियमची काळी वाळू. पुराव्यासाठी नॉर्वेला जायला नको. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या, मिऱ्याच्या किनाऱ्यावर लाट मागे फिरताना वाळूत काळ्या रेघा सोडून जाते, तेच ते. चप्पल काढून त्यात चालणाऱ्याला वाटते तेलाचा तवंग आला. पायाला चिकटलेली काळी भुकटी झटकून तो हॉटेलवर येतो आणि सकाळी बहुधा तिच्याच शुभ्र चुलतभावाने दात घासतो.

यावर आक्षेपक म्हणेल, कूळ कसले बघता, कर्तृत्व बघा. बघू.

कर्तृत्वाची कसोटी म्हणजे कोण किती उजेड परतवतो. बर्फ बराचसा परतवतो, कोळसा शेकडा चार-पाच. इथवर समाज-व्यवस्था ठीक. पण भर दुपारचा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याच्या काही लाख पट असतो. तेव्हा उन्हातला कोळसा आपल्या डोळ्यांत जितका उजेड पाठवतो तो चांदण्यातल्या पांढऱ्या कागदाच्या हजारो पटींनी जास्त. तरी उन्हातल्या कोळशाला पांढरा म्हणायला कोणी तयार नाही आणि चांदण्यातला कागद आपली पांढरेपणाची खुर्ची सोडत नाही. आणि ज्याच्या चांदण्याविषयी आपण बोलत आहोत तो चंद्र? तो अंगावर पडलेल्या उजेडापैकी सरासरी शेकडा बाराच्या आसपास परतवतो. म्हणजे जुन्या, झिजलेल्या डांबरी रस्त्याइतका. रस्त्याचा एक गोळा काळ्या आभाळात एकटा टांगला, शेजारी तुलनेला कोणी ठेवले नाही, आणि मराठी कवितेची निम्मी उपमानसामग्री त्यावर उभी राहिली.

हे काम १९२९ मध्ये आडेमार गेल्ब नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने खोलीत करून दाखवले. तिथे काळ्या कागदाची एक चकती टांगली आणि लपवलेल्या दिव्याचा झोत नेमका तेवढ्या चकतीवर सोडला. बघणारे म्हणाले, पांढरी चकती. मग तिच्यापुढे त्याच झोतात खऱ्या पांढऱ्या कागदाचा एक कपटा धरला. चकती तत्क्षणी काळी झाली. कपटा काढला, पुन्हा पांढरी! गंमत अशी की बघणाऱ्याला खरे काय ते सांगून टाकले तरी फरक पडत नाही. खुर्चीवर बसलेला माणूस लायक नाही हे सगळ्यांना ठाऊक असूनही, त्याच्याहून लायक माणूस समोर येईपर्यंत त्याला नमस्कार चालूच राहतो, असे अन्य क्षेत्रांतही घडते म्हणतात.

सिनेमाचा काळा रंग हा याच जातीचा. पडदा पांढरा असतो. प्रोजेक्टर उजेडच टाकू शकतो, काळोख टाकण्याचे यंत्र अजून निघालेले नाही. म्हणजे नायिकेचे काळेभोर केस, खलनायकाचा काळा कोट, अमावस्येची रात्र, यातले काहीही पडद्यावर रंगवलेले नसते. तो त्या त्या ठिकाणी नुसता उघडा पांढरा पडदा असतो, ज्यावर उजेड पडलेला नाही. दिवे लागल्यावर दिसतो तोच. जुन्या टीव्हीचे तर आणखी उघडपणे. बंद असताना त्याची काच करडी-हिरवट दिसे, आणि चालू असताना तिच्यावर याहून काळे काही उमटणे शक्यच नव्हते. तरी त्याच काचेवर आपण काळी मांजर पाहिली, काळी साडी पाहिली, आणि कृष्णधवल म्हणून तिचे कौतुकही केले.

छायाचित्रणात या तत्त्वाला आम्ही 'गोमहिषीन्याय' असे नाव देत आहोत. कॅमेऱ्याच्या आत जो प्रकाशमापक असतो त्याची समजूत अशी घालून दिलेली असते की जगात जे काही आहे ते सरासरीने मधल्या करड्या रंगाचे आहे. छायाचित्रकार जे ग्रे कार्ड वापरतात ते १८ टक्के उजेड परतवते. आता चौकट भरून पांढरी गाय घ्या. मापक म्हणतो, उजेड जास्त झाला, कमी करा. गाय करडी येते. चौकट भरून म्हैस घ्या. मापक म्हणतो, उजेड कमी पडतोय, वाढवा. म्हैस करडी येते. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर शिंगांवरून ओळख पटवावी लागते. कॅमेरा हा जगातला एकमेव निःपक्षपाती प्रेक्षक, आणि त्याला पांढरे-काळे दिसतच नाही. जाणकार छायाचित्रकार त्याला हाताने समज देतो: ही गाय आहे, दोन घरे वर घे. म्हणजे पुन्हा नेमणूकच.

इतके झाल्यावर आपण चित्रकाराकडे जाऊ. ज्याचा हा धंदा आहे त्याला शेवटी विचारायचे, ही विद्वानांची जुनी रीत आहे.

चित्रकार एका पाटावर दोन वस्तू मांडतो. एक पांढरा चिनी मातीचा कप आणि एक पॉलिश केलेला काळा बूट. आपण समजतो, कपाला पांढरी ट्यूब लागेल, बुटाला काळी. तो कप काढायला बसतो तेव्हा बघा. सावलीची बाजू निळसर राखाडी. कानाच्या आतली बाजू त्याहून गडद. पाटाच्या लाकडाचा तांबूस उजेड तळाशी. चहाच्या ओघळाची एक पिवळट रेघ. उजेडाची बाजूसुद्धा अगदी पांढरी नाही. फिकट पिवळ्यात मोडलेली. संपूर्ण कपात निव्वळ पांढऱ्याचा ठिपका एकच, काठावर, जिथे खिडकी चमकते. आता बूट. त्याच्या टोकावर खिडकीचे चार चौकोन लखलखीत पांढरे, काठावर लांब पांढरी तिरीप, नाडीच्या भोकांच्या कड्यांवर पांढरे बिंदू, टाचेवर आभाळाचा निळा. बुटाला पांढरा रंग कपापेक्षा जास्त लागला! तो पांढरा लावला नाही तर बूट काळा दिसत नाही, पायमोजा दिसतो. अनुभवी माणूस याला चमत्कार म्हणत नाही. 'हाफटोन संभाळले की बाकी आपोआप' एवढेच म्हणून तो कुंचला पुसतो, आणि पुसलेल्या फडक्यावर जो रंग असतो त्याला नाव नाही.

व्हिसलरने १८६२ मध्ये पांढऱ्या पोशाखातली मुलगी काढली आणि पुढे अशा चित्रांना पांढऱ्यातली सिम्फनी म्हणू लागला. त्यातल्या तिसऱ्या सिम्फनीवर हॅमर्टन नावाच्या टीकाकाराने तक्रार केली. एकीचा पोशाख पिवळसर आहे, केस तपकिरी आहेत, निळी फीत आहे, लाल पंखा आहे, मग पांढऱ्यातली कशी? व्हिसलरने विचारले की एफ सुरातल्या सिम्फनीत गृहस्थांच्या मते फक्त एफ, एफ, एफ एवढेच वाजते काय. आमच्याकडे हाच वाद षड्जावरून सहज मिटला असता. तानपुरा लावायलाच अर्धा तास जात असल्यामुळे तेवढ्यात टीकाकार उठून गेला असता.

काळ्याच्या बाजूने मोठी साक्ष व्हॅन गॉगची. १८८५ मध्ये ॲमस्टरडॅमला जाऊन तो फ्रान्स हाल्सची चित्रे पाहून आला आणि भावाला पत्रात लिहिले की हाल्सकडे सत्तावीस तरी काळे असले पाहिजेत. सत्तावीस! नक्षत्रांइतके. प्रस्तुत लेखकाने हाल्सच्या एका काळ्या कोटाच्या छापील चित्रासमोर बसून ते मोजायचा यत्न केला. बाहीचा हिरवट काळा, रेशमाचा तांबडा काळा, घडीतला खोल काळा, टोपीचा धुळकट काळा, इथवर गाडी ठीक चालली. पुढे छपाईचे ठिपके कोणते आणि हाल्स कोणता हे कळेनासे झाले. विरुद्ध पक्षाचा पुढारी मोने. इंप्रेशनिस्ट मंडळींनी सावलीत जांभळा-निळा भरून काळ्याला पेटीबाहेर काढले. आमच्या इंटरमिजिएटच्या सरांचे तत्त्व तिथून फिरत फिरत आले आहे. १९२६ मध्ये मोने गेला तेव्हा शवपेटीवर रिवाजाप्रमाणे काळे कापड घातलेले पाहून त्याचा मित्र, माजी पंतप्रधान क्लेमान्सो, संतापला म्हणतात. मोनेला काळा चालायचा नाही, असे म्हणून त्याने ते ओढून काढले आणि फुलाफुलांचे कापड घातले. एका सिद्धान्तासाठी शववस्त्र बदलले गेल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

नुसते पांढरे आणि नुसते काळे चित्र काढण्याचा मान बहुतेक लोक मालेविचला देतात. १९१५ मध्ये पेत्रोग्राडच्या प्रदर्शनात त्याने 'काळा चौकोन' टांगला, तोही खोलीच्या कोपऱ्यात वर, जिथे रशियन घरात देवाची तसबीर असते. आणि १९१८ मध्ये पांढऱ्यावर पांढरा चौकोन काढला. पण त्याआधीच, १८८२ मध्ये, पॅरिसच्या एका थट्टेखोर प्रदर्शनात पॉल बिलो याने सगळे काळे चित्र लावले होते, आणि पुढच्या वर्षी आल्फाँस आले याने कोरा पांढरा कागद लावून खाली लिहिले होते की पंडुरोगी मुली बर्फ पडत असताना पहिल्या प्रसादाला चालल्या आहेत. त्याहीआधी, १६१७ मध्ये, रॉबर्ट फ्लड या इंग्रज पंडिताने सृष्टीपूर्वीची स्थिती म्हणून ग्रंथात काळा चौकोन छापला आणि चारही कडांना 'असेच अनंतापर्यंत' असे लिहिले. म्हणजे एकच वस्तू आधी विश्वोत्पत्ती होती, मग चेष्टा झाली, मग क्रांती झाली. तिन्ही वेळा सोबतच्या शब्दांनी काम केले. यातून आम्ही असा उपसिद्धान्त काढतो की हुद्द्याला पाटी लागते.

२०१५ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयाने 'काळ्या चौकोना'ची क्ष-किरण तपासणी केली तेव्हा खाली रंगीत चित्रे निघाली. तसे संशयाला जागा होतीच, कारण काळा तडकला आहे आणि भेगांतून खालचे रंग डोकावतात. चौकोनही काटकोनी नाही, बाजू जराशा तिरक्या आहेत. भोवतीचा पांढरा पिवळटला आहे. जगातले सर्वात प्रसिद्ध काळे-पांढरे चित्र बारकाईने पाहिले तर रंगीत आहे.

अलीकडे या हुद्द्यांसाठी प्रयोगशाळांत चुरस लागली आहे. इंग्लंडमधल्या एका कंपनीने २०१४ मध्ये व्हँटाब्लॅक काढला, तो ९९.९६५ टक्के उजेड गिळतो. चुरगळलेल्या फॉइलला फासला तर सुरकुत्या नाहीशा होऊन नुसते भोक दिसते. कलेत तो वापरायचा एकट्याचा हक्क त्याच अनिश कपूर यांनी मिळवला. कपूर जन्माने मुंबईचे, १९५४ चे. जागा धरून ठेवण्याची ही कला लोकलमध्ये रुमाल टाकून शिकले की काय, याला पुरावा नाही. चिडून स्टुअर्ट सेंपल या ब्रिटिश चित्रकाराने एक झगझगीत गुलाबी भुकटी विकायला काढली, ती अनिश कपूर सोडून कोणालाही मिळेल अशा अटीवर. कपूर यांनी ती कुठून तरी पैदा केली आणि मधले बोट तिच्यात बुडवून त्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. पांढऱ्याच्या बाजूने अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये ९८.१ टक्के उजेड परतवणारा रंग केला, तो गच्च्या थंड ठेवण्यासाठी. त्यावरून अद्याप कोणी कोणाला बोट दाखवलेले नाही. पांढरपेशे लोक.

घरातून एक आक्षेप आला आहे तो नोंदवणे भाग आहे. सौ.चे म्हणणे असे की पांढरा कपडा पांढरा करायला आम्ही पिढ्यान् पिढ्या नीळ घालतो. मग पांढरा हा निळा का म्हणू नये? आक्षेप बिनतोड आहे. नीळ घातलेला सदरा खरे तर आधीपेक्षा थोडा कमीच उजेड परतवतो, पण त्याचा पिवळेपणा झाकतो, आणि बघणारा पिवळेपणा तेवढा धरून बसलेला असतो. तेव्हा अन्नंभट्टांनी काळ्याला निळ्याच्या पंगतीत बसवले ते अर्धेच काम झाले. पांढऱ्यालाही तिथेच पाट मांडायला हवा होता. या दुरुस्तीचे श्रेय सौ.ना देण्याचे आम्ही मान्य केले आहे.

बाजार मात्र या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावून बसला आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाटी आहे: ब्लॅक अँड व्हाइट दोन रुपये, कलर दहा. काळा रंग नाही, हे आठ रुपयांच्या फरकाने सिद्ध. प्रस्तुत लेखक या लेखासाठी मालेविचच्या चौकोनाचे छापील पान घेऊन तिथे गेला आणि कलर प्रत मागितली.

"काका, काळं आहे हो हे," दुकानातला मुलगा म्हणाला. "दोन रुपयांत होईल."

खाली रंगीत चित्रे आहेत, भेगांतून दिसतात, बाजूचा पांढरा पिवळट आहे, असे त्याला समजावून सांगितले. मागे रांगेत डोमिसाइलचे कागद घेतलेले दोघे होते. तेही पुढे सरकून बघू लागले. त्यातला एक म्हणाला, मला तर तपकिरी वाटतंय. दुसऱ्याने पान उन्हाकडे धरायला सांगितले.

मुलाने पान काचेवर पालथे घातले आणि बटणाकडे हात नेऊन विचारले, "मग काय करू? कलर ना? आणि एवढं मोठं काळं आहे, टोनर लई जाईल. पंधरा होतील."

पंधरा दिले.